डाव्या अंगाची जाळी

आमच्या घरात अख्खी भाकरी कुणाच्या ताटात पडत नसे. खायची ददात होती असं नव्हे. अख्खी विकायची आणि मोडकी घरात खायची, असा शिरस्ताच होता. अव्वाच्या हातची कडक भाकरी म्हणजे कागदासारखी पातळ, वरून तीळ लावलेली, तव्यावरून उतरवून निखाऱ्यापाशी उभी करून वाळवलेली. महिनाभर राहिली तरी बोटाने टकटक केलं की खणखणीत वाजायची. दोष एकच, जरा धक्का लागला की तिचे दोन तुकडे. मग ते तुकडे आमचे. त्यावर शेंगाचटणी, तेलाची धार, कधी घट्ट दही. शाळेत असताना एका मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा माझ्या पुढ्यात अख्खी भाकरी आली, तेव्हा मी ती आधी चार ठिकाणी मोडली आणि मगच खायला सुरुवात केली. "असं काय करायलीस गं?" ती म्हणाली. काय सांगणार? अख्खी भाकरी खाणं मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

अव्वा म्हणजे आई. आमचं घर बाळीवेशीकडच्या एका बोळात, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी, म्हणून आई ती अव्वा आणि वडील ते अप्पा. दोनच खोल्या. मागच्या खोलीत भुश्याची शेगडी, दगडी उखळ, आणि अव्वाची भाकरी थापायची काळपट लाकडी काटवट, जिला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. उजाडायच्या आधी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. तो आवाज अजून कानात आहे असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. आवाज आठवत नाही; तो चालू असताना अंथरुणात जो निर्धास्तपणा वाटायचा तेवढा आठवतो. डाव्या हाताने कड सांभाळायची, उजव्या हाताची पाची बोटं पसरून थापायची आणि जोर मनगटातून द्यायची. लहानपणी मी तिचा उजवा तळवा उघडून बघत बसायचे. गरम आणि इतका गुळगुळीत, की त्यावरच्या रेषासुद्धा झिजल्यासारख्या वाटायच्या.

अप्पांचं सगळं तरुणपण यंत्रमागावर गेलं. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांच्यापाशी दोन गोष्टी उरल्या: तिसऱ्या हातातून घेतलेली शंभर सीसीची मोटारसायकल, आणि मागांच्या खडखडाटाने निम्मे गेलेले कान. त्यामुळे आमच्या घरात साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. बोळातल्या नव्या भाडेकरूंना पहिले दोन-चार दिवस वाटायचं, ह्या घरात रोजच भांडण. माग सुटल्यावर अप्पांनी गाडी आणि अव्वाची भाकरी यांची जोडी जमवली. सोमवारी मोडनिंबच्या बाजूचे ढाबे, मध्ये गावातली दुकानं, आणि गुरुवारी अक्कलकोट. गुरुवारी तिथे स्वामींच्या दर्शनाला गर्दी, त्यामुळे भाकरी सगळ्यात जास्त खपायची ती त्या दिवशी. आणि त्या दिवशी अव्वा अप्पांच्या मागे बसून जायची, कारण भाकऱ्यांची बुट्टी, म्हणजे वेताची मोठी टोपली, कुणीतरी मांडीवर धरणं भाग होतं. कॅरियरला बांधली तर अर्ध्या भाकऱ्या घरी खायच्या होऊन परत यायच्या.

ती कशी बसायची ते नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नेसूची इरकल, त्यामुळे पाय एकाच बाजूला, डाव्या अंगाला. पदर पाठीवरून पुढे घेऊन कमरेला खोचलेला. मागच्या चाकाला डाव्या अंगाने लोखंडी जाळी असते, साडीगार्ड, बायकांचा पदर चाकात जाऊ नये म्हणून. आणि त्या जाळीलाच खाली पाय ठेवायला एक पट्टी. त्या पट्टीवर चपला टेकवून, दोन्ही हातांनी बुट्टी कवटाळून अव्वा अक्कलकोटपर्यंत जायची. घरी आली की मांडीला वेताचे वळ उठलेले असायचे. कधी तक्रार नाही. "त्या निमित्तानं सोमीचं दर्सन हुतंय की," म्हणायची.

मी तेव्हा तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात आम्ही तीनच मुली. लेथवर काम करताना वेणी टोपीत खोचावी लागायची, आणि मला तर ती टोपी घरी येईपर्यंत काढवत नसे. अप्पा बोळात कुणालाही थांबवून सांगायचे, "आमची शैलू इंजनेर हुयालीय." अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते मी पुरेपूर झाले होते. घरातला पंखा, शेजारच्यांची शिलाई मशीन, उखळाचा डुगडुगणारा पाया, सगळ्यात माझी बोटं. त्यातली निम्मी कामं नीट व्हायची. उरलेल्या निम्म्यांबद्दल माझ्यासमोर कुणी बोलत नसे.

एकदा हायवेवर चहाच्या टपरीपाशी दोन लांबून आलेले मोटारसायकलवाले थांबले होते. गाडीच्या दोन्ही बाजूंना भल्या मोठ्या कातडी पिशव्या, घोड्याच्या पाठीवर टाकतात तशा. मी चहा विसरून त्या पिशव्यांच्या पट्ट्या कुठून कुठे गेल्यात ते वाकून बघत राहिले. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. अव्वाच्या मांडीवरची बुट्टी जाणार. भाकऱ्या उभ्या लावायच्या, मध्ये वर्तमानपत्र, खाली फोम. आणि अव्वा हात मोकळे ठेवून बसणार.

तसल्या पिशव्या आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या, पण सीटकव्हर शिवणाऱ्या हमीदचाचांच्या दुकानात त्यांची स्वस्त भावंडं टांगलेली असत. काळं रेक्झिन, पितळी रंगाची बक्कलं, आणि झाकणावर पंख पसरलेला पिवळा गरुड. माप बघायला मी घरून एक भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली होती. ती पिशवीत अलगद उतरली तेव्हा चाचा हसून हसून खोकायला लागले. "रोटी का नाप लेके आनेवाली गिराइक पैलीच देखा मैं," म्हणाले. मग गंभीर होऊन एक गोष्ट सांगितली, ती मी ऐकली आणि सोडून दिली. "बेटी, ये सस्ता माल है. इसकू लोहे का स्टँड लगता दोनो तरफ. नई तो नरम पडता, अंदर घुसता." स्टँड वेल्डरकडून बनवून घ्यावा लागणार होता, पिशव्यांइतकाच खर्च. मी म्हटलं, स्टँडचं मी बघते. चाचांनी मान डोलावली. शिकलेल्या मुलीशी कोण वाद घालणार?

पिशव्या घरी आल्या त्या दिवशी अव्वाने दोन्ही गरुडांवर विभूतीची तीन-तीन बोटं ओढली. अप्पा गाडीभोवती फिरून दोन्ही बाजूंनी बघत होते. "इमान दिसतंय की गं!" पण पहिल्याच सोमवारी विमानाने माती खाल्ली. मोडनिंबहून अप्पा परतले ते रेक्झिन जळाल्याचा वास घेऊनच. उजव्या अंगाला सायलेन्सर. भरलेली पिशवी खाली लोंबून त्याला टेकली आणि तळाला वाटीएवढं भोक पडलं होतं. भाकऱ्या शाबूत होत्या, पण वासामुळे ढाबेवाल्याने परत पाठवलेल्या. त्या आम्ही चार दिवस खाल्ल्या. गुरुवारी सकाळी बघते तर अव्वा बुट्टी मांडीवर घेऊन गाडीवर बसलेली, आणि पिशव्या खुंटीला. मला कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. बुट्टी बघून माझं डोकं फिरलं.

आता वाटतं, तिथेच थांबले असते तर! पण थांबणं हे त्या वयाला येत नाही, मला तर अजूनही नीट येत नाही. रविवारी दुपारी गाडी बोळात मुख्य स्टँडवर उभी केली आणि पाने-पक्कड घेऊन बसले. भोकाला आतून ठिगळ लावून झालं होतं. प्रश्न एवढाच, की उजवी पिशवी सायलेन्सरपासून लांब ठेवायला काहीतरी लोखंडी पाहिजे. आणि लोखंडी वस्तू समोरच होती. डाव्या अंगाची जाळी. डावीकडे सायलेन्सर नाही, तिथली पिशवी टेकली तरी जळणार नाही. आणि भरलेली पिशवी तिथे लटकणार म्हटल्यावर चाक आपोआपच झाकणार. मग तिथे जाळी कशाला? जाळी काढून उजवीकडे लावायची, वेल्डर नको, स्टँड नको. इतकं सोपं उत्तर हमीदचाचांना सुचलं नाही याचं मला नवल वाटलं. अव्वा उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. निघालेले नट मी तिच्या पुढ्यातल्या वाटीत टाकत होते. मध्येच ती काहीतरी बोलली, मी कामात होते. जाळी उजवीकडे सरळ बसेना. थोडी ठोकली, थोडी वाकवली, जिथे भोकं जुळेनात तिथे तार आवळली. बायकांनी पाय ठेवायची पट्टीही तिच्याबरोबर उजवीकडे गेली, जिथे कुणाचाच पाय येणार नव्हता. संध्याकाळी पिशव्या चढवल्या, आत विटा भरून गाडी बोळातून चारदा फिरवली. काही टेकलं नाही. अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली ती चांगली जोरात बसली.

गुरुवारी अव्वा रिकाम्या हाताने गाडीवर बसली. पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते भरलेल्या पिशवीवरून अधांतरी लोंबत होते. मी विचारलं, "जमतंय ना अव्वा?" "जमतंय की. लई ग्वाड झालंय," ती म्हणाली आणि चपला पडू नयेत म्हणून अंगठ्याने घट्ट धरल्या. गाडी बोळाच्या टोकाला वळली तेव्हा दोन्ही गरुड उन्हात चमकत होते. मी कॉलेजला गेले. दिवसभर मजेत होते, हे लिहिलंच पाहिजे.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, थोडं अप्पांकडून, थोडं त्यांना घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याकडून. माल सगळा खपला होता. परत येताना पिशव्या रिकाम्या. वळसंगच्या पुढे वारा सुटला. उजवीकडची पिशवी जाळीला टेकून शहाण्यासारखी बसली होती. डावीकडची मात्र रिकामं रेक्झिन, हमीदचाचा म्हणाले होते तशी नरम पडून आत घुसायला लागली, चाकाच्या तारांना फटाफटा आपटायला लागली. अप्पांनी गाडी थांबवली, डावीकडची बक्कलं सोडली आणि पिशवी अव्वाच्या हातात दिली. दुसरं करणार तरी काय होते? अव्वाने पदर पुन्हा घट्ट खोचला, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि बसली. डाव्या अंगाला आता जाळी नव्हती, पिशवी नव्हती, पाय टेकायला पट्टी नव्हती. समोरून एक टँकर गेला, त्याच्या वाऱ्याने पदर सुटला. हात मोकळे असते तर तिने तो धरला असता. ती ओरडली. अप्पांना ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडली असणार. अप्पांना कळलं ते गाडी मागे ओढल्यासारखी झाली तेव्हा, आणि तोवर अव्वा रस्त्यावर होती, उजवा हात अंगाखाली.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा ती कॉटवर पडून छताकडे बघत होती. इरकलीचा पदर कुठे नव्हताच, कुणीतरी दवाखान्याची चादर अंगावर टाकली होती. गळ्यापाशी लाल काचलेला पट्टा. उजवा हात खांद्यापासून नुसता ठेवल्यासारखा पडलेला, बोटं सुजून एकमेकांना चिकटलेली. मला बघितल्यावर तिने डाव्या हाताने कॉटखाली दाखवलं.

"तुजी बॅग हाय बग तितं. चांगली हाय. कुटं फाटली न्हाय."

मी खाली वाकले आणि बॅग उचलायचं निमित्त करून बराच वेळ वर उठले नाही.

मनगट जुळलं, वाकडं जुळलं. खांद्यातल्या शिरा ताणल्या गेल्या होत्या, त्यांच्याबद्दल डॉक्टर दर वेळी "बघू" म्हणायचे. हा "बघू" दिवाळीपर्यंत चालला. मग त्यांनी तेही म्हणायचं सोडलं. बोटं मिटायची, पण उघडताना अर्ध्यावर थांबायची. काटवटीवर एक पीठ पडलेलं फडकं टाकून ती भिंतीला उभी केली होती. पहाटे जाग यायची, आणि घरात अप्पांच्या खोकल्याशिवाय काही आवाज नसायचा.

आमच्याकडे माणूस आजारी पडलं की बोळातलं प्रत्येक घर येऊन जातं, आणि येणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न एकच विचारते, कसं झालं? अव्वाने त्या वर्षी शेकडो वेळा एकच उत्तर दिलं: "माजाच पदर सुटला की." आणि मग प्रत्येक बाईने तिला पदर कसा खोचावा हे शिकवलं. कुणी पिन लावून दाखवली. कुणी म्हणालं, गाठ मारायची असते. अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, अक्कलकोटहून आली आणि कॉटशेजारी बसून तिने कपाळाला हात लावला. "गाडीवर बसायची अक्कल न्हाय बगा ह्या बाईला. पदर सोडून बसायचं असतंय व्हय?" अव्वा म्हणाली, "चुकलंच वन्सं माजं." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझ्या तोंडून निघालं, "आत्या, ती जाळी..." अव्वाने लगेच हाक मारली, "शैलू, पानी आण जरा." मी पाणी आणलं. तोवर आत्या दुसऱ्या विषयावर गेली होती. अप्पा वेगळंच सांगायचे, विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही: "मीच जोरात चालवत होतो. माजेच कान गेलेत." दोघांनी मिळून सगळी चूक वाटून घेतली होती, माझ्या वाट्याला काही ठेवलंच नव्हतं. कुणी शिवी दिली असती तर मी पाय धरले असते. शिवीच नाही, तर माफी मागायची कशाची आणि कुणाकडे?

एका सकाळी अप्पा बोळात गाडीपाशी बसले होते. मी दारात. वर न बघता त्यांनी हात पुढे केला, "बाराचा पाना दे." मी दिला. त्यांनी उजवीकडची तार तोडली, जाळी काढली, दगडावर ठेवून हातोडीने सरळ केली, जमेल तेवढी. मग डावीकडे लावली. नट मात्र चार लागत होते आणि वाटीत तीनच सापडले. चौथा मी कॉलेजच्या वर्कशॉपमधून आणून दिला. या विषयावर अप्पांचं आणि माझं आयुष्यात झालेलं बोलणं हे एवढंच. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या गाडीवर मात्र अव्वा पुन्हा कधी बसली नाही.

भाकऱ्या मी थापायला लागले. डिप्लोमाचं ते वर्ष त्यातच गेलं. आधणाचं पाणी, पीठ मळणं, सगळं अव्वा कॉटवरून सांगायची. माझी भाकरी थापता थापताच फाटायची, नाहीतर जाड राहायची आणि वाळताना वाकडी व्हायची. अव्वा भिंतीकडे तोंड करून पडलेली असली तरी आवाजावरून तिला कळायचं. "पीठ कोरडं पडलंय. पानी लाव." "आता कडंला जायलीस, मधी जाड राहिली." एकदा मी रडकुंडीला येऊन हात झटकून उठले, तर ती उठून काटवटीपाशी आली, बसली आणि तिने आपला उजवा हात पिठाच्या गोळ्यावर ठेवला. जोर लावायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. गोळ्यावर नुसता मुठीचा खड्डा पडला. आम्ही दोघी त्या खड्ड्याकडे बघत बसलो. तव्यातून धूर निघायला लागला तरी कुणी उठलं नाही. मग ती म्हणाली, "तुजी तू थाप. हुतंय हळूहळू." झालं हळूहळू, माझी भाकरी लोक घ्यायला लागले, पण अव्वाची घ्यायचे तशी नाही. अक्कलकोटच्या एका दुकानदाराने तर तोंडावर सांगितलं, "आईच्या हाताची सर न्हाय बगा." मलाही तेच म्हणायचं होतं. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या ताटात अख्ख्या भाकऱ्या पडल्या, विकल्या न गेलेल्या. मला त्या गिळवत नव्हत्या.

पुढे डिप्लोमा पुरा केला, कुर्डुवाडीला नोकरी लागली, तिथेच राहिले. आज हे लिहितानाही खिडकीखाली एक मुलगा आपल्या नव्या मोटारसायकलला मोबाइलवरून मागवलेल्या पिशव्या लावतोय, कालच्या पार्सलातून आलेल्या. जाळी त्याने आधीच काढून कंपाउंडला टेकवून ठेवलीय. आजकाल सगळेच काढतात, शोभत नाही म्हणून. मी अशा मुलांना रस्त्यात थांबवते. "दादा, मागं आई बसते ना? ती जाळी लाव." ते हसतात, "व्हय काकू, लावतो की," म्हणतात आणि जातात. मी त्यांच्या मागच्या चाकाकडे बघत उभी राहते. याहून जास्त मला काही करता येत नाही.

अव्वा आता माझ्याकडेच असते. सत्तरी केव्हाच उलटली. मराठी वाचता येत नाही तिला, शाळा कानडी होती आणि तीही दोनच इयत्ता. हे प्रकरण लिहून झालं तेव्हा तिला वाचून दाखवायचं ठरवलं. इतक्या वर्षांत तोंडाने जमलं नाही ते कागदावरून तरी सांगावं म्हणून. ती पलंगावर बसून ऐकत होती, उजवा हात डाव्या हातात धरून, जसा ती नेहमीच धरते. हमीदचाचांपाशी हसली. आत्याच्या वाक्याला मान हलवली. जाळी काढल्याचं वाचताना मी कागदावरून नजर काढली नाही, पुढे वाचत राहिले. शेवटपर्यंत.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"त्ये न्हाय लिवलंस?"

"काय?"

"मी इचारलं हुतं की तुला. लसूण सोलताना."

मी कागद खाली ठेवले. मला वाटलं होतं, ती विसरली असेल. मी विसरले नव्हते, म्हणून तर "काहीतरी बोलली" असं लिहून पुढे सरकले होते.

"लिव त्ये बी," अव्वा म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "तवा तू ल्हान हुतीस, लोकांत तुजं नाव खराब हुईल म्हनून मी कुनाला बोल्ले न्हाय. पर आता लिव. इतकी वर्सं समद्यांनी म्हनलं, ह्या बाईला गाडीवर बसायची अक्कल नव्हती. मला हुती की अक्कल."

म्हणून लिहिते. त्या रविवारी मी दुसरा नट वाटीत टाकला, तेव्हा अव्वाने लसणाचा हात थांबवून विचारलं होतं, "जाताना बॅग भरल्याली हाय, ठीक हाय. येताना रिकामी हुईल, मग चाकाला आड काय?"

आणि मी मान वर न करता म्हणाले होते, "तू भाकऱ्या थाप अव्वा. ह्यातलं तुला काय कळतंय?"